आवाज जुळवायचा राहिला

३ मार्च

आजही चारच घास. पाचव्याला हिने ताट सरकवलं. वजन एकेचाळीस. जठर ढकलतच नाही, अन्न जागच्या जागी बसून राहतं. छातीच्या कफावरची जुनी गोळी कमी मात्रेत दिली तर जठर हलतं का, ते डॉक्टर साठ जणांवर बघतायत. निम्म्यांना खरी, निम्म्यांना बनावट. कोणाला कुठली, ते कळायचं नाही. आणि दोन्ही बनवल्या कोणी? मी! माझ्या कारखान्यात पोत्यांनी पडलेली गोळी, माझ्याच बायकोला चिठ्ठी टाकून.

४ मार्च

डॉक्टरांना म्हटलं, हिला तेवढी खरी द्या. "साहेब, मग बाकीच्या एकोणसाठ जणांना काय सांगू?" वर ताकीद – परस्पर देऊ नका, हृदयाचे ठोके बिघडतात. तोंड पाडून परत आलो.

८ मार्च

हिची गोळी बशीत पडली – बद्द. खरी टण्ण वाजते. पोती उचलायचो तेव्हापासून हा कान तयार आहे. वजन, रंग, कडूपणा, सगळं जुळवलं होतं. आवाज कोण जुळवतो?

म्हणजे हिला बनावट. चूक माझी. सांगावी तर प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, आणखी तीन महिने गेले. न सांगावी तर ही अशीच.

९ मार्च

चाळीस किलो.

११ मार्च

बदलल्या. नमुना म्हणून ठेवलेल्यांपैकी खऱ्या तीस हिच्या डबीत, बनावट माझ्या खिशात. ठोके दर आठवड्याला तपासतातच की. आयुष्यात मालात भेसळ केली नाही. ही काय म्हणायची?

१४ मार्च

सहा घास! मोजताना पकडला गेलो. "मी काय तुमच्या मशीनवर आहे, मोजायला?" दोघं हसलो. दवाखान्यात मात्र डॉक्टरांकडे बघवेना. बाकावर शेजारच्या बाई रुमाल तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांची कुठली असेल?

१७ मार्च

हिने डबी पुढ्यात ठेवली. तीसच्या तीस, एकही घेतलेली नाही.

"पहिल्याच दिवशी टण्ण वाजली, आधीची बद्द वाजायची. इतकी वर्षं त्या कारखान्याचा डबा भरतेय, माझे कान काय भाड्याने दिलेत?"

मग ते सहा घास?

"तुमच्या तोंडाकडे बघून."

डॉक्टरांना हिनेच फोन करून आवाजाचंही सांगितलंय. सगळ्या डब्या परत येतायत. नव्या प्रयोगाच्या यादीत आमच्या घरातलं नाव घेणार नाहीत.