एकाच भुलेत

आई, तू बसवून घेतलेली हनुवटी मी गेल्या महिन्यात काढून टाकली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी ऐकून तुझा चेहरा कसा होईल ते मला नीट दिसतं. खोटं कशाला बोलू, ते बघायला मजा येते.

अक्कलदाढ काढायची म्हणून तू मला त्या दवाखान्यात नेलंस. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दोन स्थळं नकार देऊन गेली होती. त्यातल्या एका मुलाची मावशी जिना उतरता उतरता म्हणाली होती, "रंग चांगला आहे, पण मुलीला हनुवटीच नाही." शुद्धीवर आले तेव्हा दाढेपेक्षा खालच्या ओठाच्या आत जास्त ठणकत होतं आणि हनुवटीला घट्ट पट्टी होती. तू शेजारी बसून मोसंबी सोलत होतीस. "डॉक्टर म्हणाले, एकाच भुलेत दोन्ही कामं होतील. पुन्हा पुन्हा तुला त्रास कशाला?" मला तोंड उघडता येत नव्हतं. सूज उतरल्यावर विचारलं, मला आधी सांगितलं का नाहीस? तू पोळी लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "त्या बाईचं तोंड माझ्या घरात रोज बघायचं नव्हतं मला."

ती बाई म्हणजे आत्या, पप्पांची थोरली बहीण. माझा चेहरा तिच्यावर गेला होता, तशीच आत वळलेली हनुवटी. ती हरसूलहून पंचवटीतल्या आपल्या घरी यायची, येताना नागलीचं पीठ आणायची. तू तिला बाहेरच्या खोलीत चहा द्यायचीस आणि दुपारच्या एसटीने परत लावून द्यायचीस. पप्पा पेपर वाचत बसायचे. माझ्या ऑपरेशननंतर ती आली, माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला आणि तिने पदर तोंडाला लावला. "लय झाक दिसतीस," एवढंच म्हणाली. तू हसलीस, आई. त्यानंतर तू असेपर्यंत ती आपल्याकडे आली नाही. कापलेलं मी एखाद वेळेस विसरले असते, ते हसणं नाही.

लग्न जमलं. सातपूरला नोकरी करणारा माणूस, स्वभावाने बरा. तुम्ही दोघं गेल्यावर आम्ही पंचवटीतल्या घरीच राहायला आलो. मग हल्ली हनुवटीच्या आत बसवलेला तो सिलिकॉनचा तुकडा सरकला. डावीकडे त्याचं टोक बोटाला लागायचं, थंडीत जबडा दुखायचा, पाणी पिताना ओठातून ओघळ यायचा आणि मला कळायचंही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा काढून लहान नवा बसवता येईल, किंवा नुसता काढता येईल, पण मग कातडी थोडी सैल पडेल. "नवाच बसव ना," नवरा म्हणाला. "मला तर तुझा हाच चेहरा माहीत आहे." "तेच तर," मी म्हटलं. "माझा चेहरा तू पाहिलाच नाहीस." त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. पण ऑपरेशनच्या दिवशी त्याने रजा काढली. काढलेला तुकडा दाखवू का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मी मानेनेच नको म्हटलं.

आता पुढचं ऐक. दवाखान्यातून सुटल्यावर मी त्याला गाडी सरळ हरसूलला घ्यायला लावली. आत्या आता एकटीच असते, गुडघे गेलेत. मी अडखळत म्हटलं, पंचवटीच्या घरी राहायला चल, कायमची. ती दारातच घुटमळली. "भावजईला नाय चालायचं." "ती नाहीये आता, आत्या." "तरी पन."

तर आई, ती आता तुझ्या खोलीत राहते. तुझ्या पलंगावर झोपते, तुझ्या डब्यांत तिची नागली भरली आहे. तू कुणाला हात लावू द्यायची नाहीस ती काश्मिरी शाल तिने गुडघ्यांना गुंडाळली आहे, मीच दिली. बाहेरच्या खोलीतला तुझा फोटो काढून मी माळ्यावर ठेवला, भिंतीकडे तोंड करून. तुझ्या स्वयंपाकघरात आत्या मला आंबील करून देते आणि मी पिताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. "माज्यावानीच," म्हणते आणि लाजते. हे सगळं तुला दिसावं अशी माझी फार इच्छा आहे.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. सूज पूर्ण उतरली त्या सकाळी मी मोरीतल्या आरशात पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि माझ्या तोंडून "शी!" निघालं. अगदी तुझ्या सुरात. बाहेरून आत्याने विचारलं, "काय झालं गं?"

मी म्हटलं, "काही नाही, झुरळ होतं."