पंप चालतो का?

चि. जॉयला सलाम व आशीर्वाद.

तू कसा आहेस? सूनबाई बरी ना? बाळाला दात आले का?

बोटदुरुस्तीच्या कामाला स्पेनला जाताना तू विसरलेली स्पॅनिशची वही मी पाठ केली. नागापूरच्या कारखान्यात जन्म गेला, म्हणून पाना, पंप, गळती हे शब्द चटकन डोक्यात बसले. रविवारी फोन सूनबाईने उचलला. गडबडीत वहीतलंच स्पॅनिश तोंडात आलं, "पंप चालतो का? पाणी शिरतंय का?" ती खळखळून हसली आणि तिच्या स्पॅनिशमध्ये कितीतरी वेळ बोलत राहिली. मला ओ की ठो कळलं नाही, पण फोन ठेववेना. तुझी आई गेल्यापासून या घरात एवढं कुणी बोललं नव्हतं.

हे वाचून तू काळजी करशील, म्हणून पत्र न टाकता वहीतच ठेवतो. तरी सवयीने लिहितोच, 'तब्येत कशी आहे' याला तिकडे काय म्हणतात, तेवढं लवकर लिहून कळव.

तुझा पप्पा,
अब्राहाम