समुद्रशेवाळाच्या साठ पिशव्या

२ फेब्रुवारी २००४
पुन्हा चिंधड्या! समुद्रशेवाळाची पिशवी ओली माती भरून ठेवली तर दुपारपर्यंतसुद्धा टिकली नाही. टेबलावर चिखल, माझ्या नव्या साडीवर चिखल. नेमके तेव्हाच प्राचार्य डोकावले – "श्यामलाबाई, मार्चअखेर निकाल दाखवा, नाहीतर ही खोली भूगोलाला." बरी देईन! प्लास्टिकच्या पिशवीऐवजी द्राक्षाचं रोप पंधरा दिवस पेलायचं आणि मग मातीत कुजून जायचं – एवढंच तर मागतेय मी पिशवीकडे!

९ फेब्रुवारी
ग्लिसरीन वाढवलं की चिकट, कमी केलं की कडकड मोडते. वैताग!

१४ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत मदतीला असणाऱ्या कुसाबाईंनी आज माझीच शिकवणी घेतली. मी पिशवीसाठी ओतलेला शेवाळाचा पातळ थर पंख्याखाली वाळवते, तो तडकतो. "मॅडम, पापड असा वाळवत्यात का? सावलीत टाका. अर्धा सुकला की उलटा करा. लय घाई तुमची!"
केलं तसं. एक चीर नाही! तेवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, आणि हे सुचू नये?

२१ फेब्रुवारी
आधी पिशवी घट्ट व्हावी म्हणून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात बुडवली, वाळल्यावर मेणाचा हात दिला. मी आणि कुसाबाई दोन्हीकडून ओढतोय, फाटेना! हसून हसून बसलोच खाली.

१ मार्च
साठ पिशव्या सायखेड्याला, दत्तूच्या रोपवाटिकेत. दत्तू माझा जुना विद्यार्थी, पहिल्यापासून तोंडाळ. म्हणे, "मॅडम, प्रॅक्टिकलला मला नापास केलं होतं. आता तुमची परीक्षा!"

१२ मार्च
अकरा दिवस शाबूत होत्या. आज दत्तूचा फोन – "मॅडम, पिशव्या गेल्या." फुटल्या? "फुटल्या नाय. शेळीनं खाल्ल्या! चाळीस खाल्ल्या, बाकीच्या तुडवल्या."
आधी संतापच आला. मग कळलं, शेळी गाभण आहे. मेण, ग्लिसरीन, काय काय घातलंय मी त्यात! निकाल गेला खड्ड्यात, त्या मुक्या जिवाला काही होऊ नये. जेवण गेलं नाही.

१३ मार्च
रवंथ करतेय म्हणे. तरी धाकधूक आहेच.

१६ मार्च
सकाळीच दत्तूचा फोन. शेळी व्याली – दोन करडं, तिघंही ठणठणीत! मी रडलेच. मग दत्तू म्हणाला, "मॅडम, गेल्या साली माझी गाय गेली. पोटातून घमेलंभर प्लास्टिक निघालं. पिशवी पंधरा दिवस नाय टिकली तरी चालंल. मला तसल्या हजार द्या."