आडवी रेघ

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी बरी आहे. इतकी बरी आहे की रोज संताप करायला अंगात भरपूर ताकद उरते.

गाव प्रेमळ आहे असं तू सांगितलं होतंस, ते खरं निघालं आणि तिथेच सगळं बिनसलं. मी सामान सोडायच्या आत समोरच्या शिंप्याने माझ्या खिडक्यांना पडदे लावून टाकले, तेही उलटे. इथे एक शेजारकेंद्र आहे. शिडी, ड्रिल, कपडे धुण्याची यंत्रं, इस्पितळात नेणारी गाडी, सगळं तिथे सगळ्यांचं मिळून. भिंतीवर प्रत्येकाचं कार्ड लावतात. पांढरं असेल तर तो मदत करणारा, पिवळं असेल तर मदत घेणारा. माझं पिवळं! काल शिडी मागायला गेले, तर शिडीबरोबर दोन माणसं आली आणि मला खुर्चीत बसवून माझाच बल्ब बदलून गेली.

केंद्राच्या बाईंना म्हटलं की मलाही काहीतरी काम द्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आता फक्त आराम करायचा हं, असं बालवाडीतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. सत्तावीस वर्षं शहरबस चालवली मी, साठ-साठ माणसं पाठीशी घेऊन. आणि इथे मला रस्ता ओलांडायला हात देतात!

गाडीचं तर विचारूच नकोस. दर मंगळवारी ती तुमच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाते. मला रक्तदाब तपासायला तिच्यातच बसवतात. चालवतात चित्रकलेचे निवृत्त मास्तर. माणूस देवासारखा, पण क्लचवरचा पाय काही उचलत नाही. जळका वास नाकात भरतो आणि मी मागच्या सीटवर रिकाम्या जागी ब्रेक दाबत बसते. रक्तदाब वाढणार नाही तर काय होईल?

तुझा लोभ असू दे. इथल्यांचा थोडा कमी झाला तरी चालेल.

तुझी ताई


१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसलो. लोक चांगले वागतात म्हणून कडाकडा भांडणारी अख्ख्या जगात तू एकटीच असशील. थोडी सेवा करून घे की! लहानपणी मला शाळेत ओढत न्यायचीस तेव्हापासून तू दुसऱ्यांचीच ने-आण करते आहेस.

मी मजेत आहे. छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम जरा कमी केलं आहे, एवढंच. अक्षर मोठं आलं आहे त्याला कारण नवीन पेन. कार्डाच्या रंगाचं फार मनावर घेऊ नकोस आणि त्यावरून केंद्रात वादही घालू नकोस, ही विनंती.

तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा धाकटा


२० जून

धाकट्या,
आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

मंगळवारी घाटाच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. आत आम्ही सहा जण. त्यातल्या एका आजोबांना डायलिसिसची वेळ गाठायची होती. मास्तरांना घाम फुटला. मी मागून हँडब्रेक ओढा म्हणून ओरडले. गाडी थांबल्यावर त्यांना बाजूला बसवलं आणि स्टिअरिंग हातात घेतलं. पहिल्या गिअरमध्ये गुमान चढली बिचारी. आजोबांना दहा मिनिटं आधी पोचवलं. परत येताना मास्तर किल्ली माझ्या हातात देऊन पुढच्या सीटवर बसले आणि हळूच म्हणाले की ही गाडी चालवायच्या धास्तीने त्यांना वर्षभर रात्री झोप लागलेली नाही, पण सगळे इतके प्रेमाने विचारतात की नाही म्हणवत नाही.

आणि केंद्रात? बाई म्हणाल्या की उपकार झाले, पण पिवळ्या कार्डाच्या माणसाला गाडी देता येत नाही. शिवाय परवाना मागितला. तो तर तुझ्या कपाटात. मग त्यांनी माझं कार्ड दाखवलं. मी यायच्या आधीच नातेवाइकाने भरून पाठवलेलं म्हणे! ‘काय मदत हवी?’ या चौकटीत सात ओळी. ‘तुम्ही काय करू शकता?’ या चौकटीत एक आडवी रेघ. पट्टी लावून मारलेली! अक्षर तुझं.

सात ओळी मी सोसल्या असत्या. पण रेघ? तुला माझ्या बसच्या पहिल्या सीटवर बसवून कॉलेजला सोडलं मी, चार वर्षं. त्या रेघेपाशी उभी होते तेव्हा रडू आलं आणि ते त्या बाईंनी पाहिलं. आता माझ्यासाठी आणखी दोन माणसं पाठवतील.

आशीर्वाद उरले नाहीत.

ताई


२५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक माझी. तरी कशी झाली ते ऐक. भावोजी गेले त्या आठवड्यात तू परवाना माझ्या हातात ठेवलास आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणालीस. तू एकदा बोललीस की बोललीस, असं मी जन्मभर मानत आलो. त्या चौकटीपाशी अर्धा तास बसलो होतो. बस चालवते असं लिहिलं असतं तर तुझा शब्द मोडल्यासारखं झालं असतं. दुसरं काही लिहावं, तर तुला बसशिवाय कशात पाहिलंच नाही. म्हणून रेघ. परवाना सोबत पाठवतो आहे. अजून दोन वर्षं मुदत आहे.

आणखी एक सांगून टाकतो. पेन जुनंच आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. छापखान्यातून काम कमी केलं ते त्यांनी, मी नाही. त्याच मोठ्या इस्पितळात दोनदा ऑपरेशनचा फॉर्म भरला. सोबत कोण येणार, अशी चौकट असते. एकट्या माणसाने काय लिहायचं? रेघ मारली. सोबत नसेल तर होणार नाही म्हणून त्यांनी दोन्ही वेळा परत पाठवलं.

रागाव, पण परकं करू नकोस.

तुझा धाकटा


१ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि मागच्या पत्रातले थकलेलेही घे.

परवाना मिळाला. मास्तरांनी स्वतः माझं नवं कार्ड रंगवून दिलं, पांढरं. बाईंनी जुनं फाडायला घेतलं होतं, मी फाडू दिलं नाही. केंद्राने परवानगी दिली, आता मंगळवारची गाडी माझ्याकडे आहे, आणि जळका वास गेला आहे.

तू मात्र मूर्ख आहेस. दुःखात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, ते कोणी पट्टी घेऊन कागदावर उतरवतं का? आणि मी जिवंत असताना सोबतीच्या चौकटीत रेघ! दर मंगळवारी मी तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर रक्तदाब मोजून घेत होते आणि तू घरात चाचपडत बसला होतास. माझ्या कार्डावरच्या रेघेपेक्षा मला याचा राग जास्त आहे, आणि तो लवकर जायचा नाही.

येत्या मंगळवारी सकाळी नऊला तुझ्या दाराशी हॉर्न वाजेल. पहिली सीट तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. फॉर्म कोरा घेऊन ये. पेन आणू नकोस. ती चौकट मी भरणार आहे.

तुझी ताई