दारावरची बेल आणि चौथा परिच्छेद

चोआ चू कांग, सिंगापूर
२१ ऑगस्ट २०१६

तीर्थस्वरूप शैला आत्यास,

उल्काचा वाकून नमस्कार. (माझ्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये वाकता येत नाही, म्हणून पलंगावर बसून वाकले आहे. पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? बाबा सकाळी फिरायला जातात, की नुसते बूट घालून ओट्यावर बसतात? मी मजेत आहे. तू बोटीवर नोकरी करणाऱ्या दीनानाथकाकांच्या हाती पाठवलेलं मेतकूट मिळालं. जरा जगप्रवास करून मिळालं, ते पुढे सांगते. स्थळाचा फोटोही मिळाला. मुलगा सुस्वरूप आहे, उभा राहण्याची पद्धत चांगली आहे आणि मागची मोटारसायकल फार स्वच्छ ठेवली आहे.

आईकडून कळलं, की अख्ख्या इस्लामपुरात तू सांगितलं आहेस, उल्का बेलच्या कंपनीत आहे. आत्या, घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा गाऊनमधला फोटो तू देवघराशेजारी लावलास, तेव्हा त्या पदवीचं मी काय करते हे तुला नीट कळायलाच हवं. आम्ही एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक खोटे संगणक चालवतो. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत. (आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखंच.) खऱ्या संगणकात कुणाला काही सांगायचं असलं की बेल वाजते आणि प्रोसेसर हातातलं काम टाकून उठतो. खोट्या संगणकाला खोटी बेल लागते, आणि ती बेल सांभाळणारा प्रोग्राम लिहिलाय प्रबोधदादांनी. तेच प्रबोधदादा, ज्यांनी मला इथे नोकरी लावली आणि ज्यांच्या घरात मी राहते. मीनलवहिनी मला डबा देतात, तोही न मागता. तर कंपनीने दादांचा तो प्रोग्राम तपासायला दिला मला.

आणि आत्या, त्यात दोन चुका निघाल्या. वाजलेल्या बेलांची एक यादी असते. एक प्रोसेसर तिच्यातून बेल काढत असताना दुसऱ्याने हात घालू नये म्हणून आतून कडी लावायची असते. दादा एका ठिकाणी कडी लावायला विसरले होते. मग दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने बघितलं, आणि बेल वाजून वाजून वाया जाते. दुसरी चूक जास्त चमत्कारिक. तिथे एक रजिस्टर असतं, म्हणजे एक छोटी खिडकी समज. प्रोसेसरने तिच्यात नुसतं डोकावलं तरी ‘ऐकलं, आलो’ अशी नोंद होते. दादांनी तपासणीसाठी एक सोय केली होती, तीही त्याच खिडकीतून डोकावायची. म्हणजे तपासणारा सहज बघून जायचा आणि ज्याची बेल, त्याला कधी कळायचंच नाही. हाच प्रोग्राम महिनाअखेरीस इथल्याच तांजोंग पगार भागातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाणार होता.

आता तूच शिकवलंस ना, मोठ्यांची चूक काढायची तर आधी पाट, मग पाणी, मग चूक? मी तसंच लिहिलं. पहिल्या परिच्छेदात दादांच्या अनुभवाबद्दल, दुसऱ्यात प्रोग्रामच्या सुबक मांडणीबद्दल, तिसऱ्यात आजवरच्या उपकारांबद्दल. चौथ्यात, शेवटाकडे, ‘माझाच गैरसमज असण्याची शक्यता आहे, परंतु’ असं म्हणून दोन्ही चुका. दादांनी उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि प्रोग्राम तसाच पुढे पाठवून दिला. घरी येऊन वहिनींना माझा अभिप्राय वाचून दाखवला, त्याही गहिवरल्या. आमची मॅनेजर वेई लिंग मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिने चारही परिच्छेद वाचले होते. ‘सो इज इट बग ऑर नॉट बग, लाह?’ (बग म्हणजे प्रोग्राममधली चूक, आणि ‘लाह’ म्हणजे इथलं ‘गं’.) मी म्हटलं, दादांशी बोलून सांगते. आणि बोलले नाही. ज्याच्या ताटात जेवते त्याच्या कामाला वाईट कसं म्हणू? पण गप्प राहिले, तर मला शिकवलं कशाला?

मग गेल्या रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसत होतो आणि दारावरची बेल वाजली. दादा ‘गेलो’ म्हणाले. मी दारापाशीच होते, भोकातून पाहिलं, पिशवी घेतलेले कुणी गृहस्थ पाठमोरे उभे होते. दादा येतायत म्हणून मी हात धुवायला वळले. माझी पावलं ऐकून दादांना वाटलं मी उघडतेय, ते बसले. वहिनींना वाटलं, दोघं गेलेत. आमटी गार झाल्यावर दीनानाथकाकांचा फोन आला. ते बंदरावर परत पोचले होते आणि जहाज सुटत होतं. तुझं मेतकूट इंडोनेशियाला गेलं.

दादा म्हणाले, असं कसं झालं, घरात तीन धडधाकट माणसं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘दादा, तुमच्या प्रोग्राममध्ये नेमकं हेच होतंय.’

वहिनींचा डाव आमटीतच राहिला. दादांनी पान तसंच ठेवून लॅपटॉप उघडला. बराच वेळ बघत होते. मी मनात सामान बांधायला घेतलं होतं. शेवटी दादा म्हणाले, ‘अगं, मग हे लिहायचं ना.’

‘लिहिलंय. चौथ्या परिच्छेदात.’

‘तिथपर्यंत पोचलोच नाही मी. तिसऱ्यातच डोळे भरून आले.’

वहिनी आधी हसल्या. दादांना जरा वेळ लागला. सोमवारी त्यांनी प्रोग्राम परत मागवला, वेई लिंगची बोलणी स्वतः खाल्ली आणि सगळ्यांदेखत लिहिलं की चूक उल्काने आधीच सांगितली होती, ऐकणाऱ्याने अर्धंच ऐकलं. आता घरात नियम आहे, आधी चूक, मग आमटी. जहाज परतल्यावर काका मेतकूट देऊन गेले. त्या वेळी आम्ही तिघंही दार उघडायला धावलो.

बाबांना आणि आईला नमस्कार.

तुझी लाडकी,
उल्का

ता. क. स्थळाबद्दल वर जे लिहिलं ते पाट आणि पाणी होतं. माझं उत्तर ‘नको’ आहे. मुलगा वाईट नाही, पण मला इथलं काम एवढ्यात सोडायचं नाही. बाबांना हे तू सांग. मी सांगायला गेले तर मोटारसायकलीपासून सुरुवात करीन.

ता. क. २. मुलाकडच्यांना नकार तू कळवशील असं बाबांना वाटेल आणि बाबा कळवतील असं तुला. तेव्हा दोघांपैकी एकानेच, आधी ठरवून, कळवावं.

ता. क. ३. हे पत्र नुसतं ‘वाचलं’ म्हणून फडताळात ठेवू नकोस. आमच्याकडे त्यालाच बग म्हणतात.