फिलिपाईन्सची केळी

३ जानेवारी, शुक्रवार. मस्कत.
नवीन वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा, कारण सुट्टी आज. मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. कोट, टाय, मागं उंच इमारती. म्हणाला, जगात अनिश्चितता आहे, सगळा पैसा एकाच देशात ठेवणारा बुडणार. डायव्हर्सिफिकेशन करा. हा शब्द सात वेळा म्हणून पाहिला. आठव्यांदा जमला.
मी आठवी नापास, पण नजर लांबची. म्हणून तर आबांची, म्हणजे वडिलांची, केळीची बाग सोडून समुद्रापार आलो. केळीच्या चिकाचे डाग अंगावर घेऊन जन्म काढायचा नव्हता. आता लाँड्रीत दुसऱ्यांचे डाग काढतो. ही प्रगतीच.
शिल्लक: सहाशे वीस रियाल. रुपयात एक लाख चाळीस हजारापर्यंत.

४ जानेवारी.
एक गोष्ट लिहायची राहिली. ही शिल्लक पाईपची आहे. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरकतं, तशी काठावरची मोटर मागं न्यायची आणि पाईप वाढवायचा. यंदा हजार फूट पाईप नवा लागणार. मार्चच्या मध्यापर्यंत पडला नाही तर केळीची दोन एकर नवी लागण वाळणार. मी आबांना शब्द दिलाय.
मार्च लांब आहे. तोवर पैसा नुसता बसवून ठेवणं हा पैशाचा अपमान. आधी दुप्पट करू, मग पाईप. उरलेल्यात ठिबक.

१० जानेवारी, शुक्रवार.
पहिली परदेशी गुंतवणूक. बाजारात एका शेजारच्या देशाच्या नोटा स्वस्त मिळाल्या. एक रियाल दिला, वीस लाख आले. आज मी वीस लाखांचा मालक. नोटा उशाखाली ठेवल्या तर मान अवघडते.

११ जानेवारी.
त्या वीस लाखांत चहा येतो का विचारलं. दोन येतात म्हणे. तेही तिकडं जाऊन.

१४ जानेवारी.
नंदीशला योजना सांगितली. नंदीश माझा खोलीतला जोडीदार, अक्कलकोटकडचा, आयटीआय झालेला. लाँड्रीत कॉलरची इस्त्री त्याच्याकडं, बाह्या माझ्याकडं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "युवराज, तुझं पैसं आधीच परदेशात हाय की. तूच परदेशात हायस."
शिकलेल्या माणसाची अडचण ही. मी त्याला समजावलं की मी मस्कतमध्ये राहतो, म्हणजे मस्कत मला घर झालं. हितनं बघितलं तर सोलापूर परदेश. मग तिकडंच पाठव की, म्हणाला. विषय बदलला.

२४ जानेवारी, शुक्रवार.
संधी सापडली.
फळबाजारात केळीवाले चाचा आहेत. रमजानआधी केळीचा अख्खा कंटेनर मागवणार आहेत. रमजानात फळाला मरणाची मागणी. पाच-सहा पार्टनर घेतायत. सहाशे टाकले तर आठशे पन्नास होतील म्हणाले, माल वेळेवर आला तर. 'तर' त्यांनी दोनदा म्हटलं, पण तो त्यांचा नम्रपणा.
केळीला पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ होती. पण हात लावायचा नाहीच, फक्त पैसा लावायचा.
माल कुठल्या देशाचा, विचारलं. बाहेरचा, म्हणाले. गाळ्यातलं एक केळ उचलून बघितलं. लांबसडक, एक डाग नाही. आपल्याकडं असलं केळ कुटं? पेटीवर पोपटाचं चित्र. मी खाली लिहिलेलं इंग्रजी वाचत बसलो नाही. अनुभवी माणसाला पोपट पुरतो. फिलिपाईन्स.

३१ जानेवारी, शुक्रवार.
सहाशे रियाल दिले. चाचांनी वहीत नाव लिहिलं. माल पाठवणाऱ्याला निम्मे पैसे आगाऊ द्यावे लागतात, ते आजच जाणार. पार्टनर झालो. घरी येताना बस न करता चालत आलो. पार्टनर लोक चालतातच, तब्येतीसाठी.

६ फेब्रुवारी.
ऋतुजाचा फोन. माझी धाकटी बहीण, बागेचं सगळं तीच बघते. म्हणाली काल तोड झाली, जुनी बाग पूर्ण उतरवली, किलोला चोवीसचा दर, माल पॅकहाऊसमधून एक्स्पोर्टला गेला. तिला वाटलं मी खूश होईन. मी तिला डायव्हर्सिफिकेशन समजावलं. अर्धा तास. एकाच पिकावर बसणं म्हणजे किती धोका ते सांगितलं. ती 'हूं हूं' करत होती. मागं मोटरसायकल चालू असल्याचा आवाज.
शेवटी म्हणाली, "दादा, पाणी तीनशे फूट मागं गेलंय. पाईपचं काय?"
म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.

१५ फेब्रुवारी.
कंटेनर बंदराबाहेर अडकला. जहाजांची गर्दी, कागद, कायतरी. चाचा म्हणाले दोन दिवस. फिलिपाईन्स लांब आहे, एवढं चालायचंच.

१९ फेब्रुवारी.
अजून दोन दिवस. हे मागच्या दोन दिवसांपेक्षा वेगळे.
ऋतुजाचा मेसेज: गावाकडं तोडी थांबल्या, बंदरात माल तुंबलाय, दर चोवीसवरून अकरा. नशीब आपली तोड आधी झाली.
बघा. एक पीक, एक देश. मी इकडं फिलिपाईन्समध्ये नसतो तर आज घरातला एकही माणूस सुरक्षित नसता.

२३ फेब्रुवारी.
चाचा फोन उचलत नाहीत. नंदीश म्हणतो मोठी माणसं बिझी असतात. त्याच्या बोलण्यात आदर वाटला नाही.
ऋतुजाचा मेसेज: पाणी चारशे फूट मागं. ऋतुजाला फोन केला नाही. नेटवर्क नसेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
कंटेनर आला. चाचांनीच बोलावलं. मजुरीला पैसे नाहीत, पार्टनरांनी येऊन निवडायचं. नंदीशलाही नेलं.
दार उघडलं आणि वासानं मागं सरलो. निम्म्याहून जास्त पिकून काळी. दिवसभर पेट्या उचलल्या. शपथ मोडली. शर्टावर तेच डाग.
दुपारी नंदीश एका पेटीवर बसून भाकरी खात होता. खाली वाकून त्यानं पोपटाखालचं बारीक इंग्रजी वाचलं. मग मलाही बसवून वाचून दाखवलं. पॅकहाऊस, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर.
म्हणाला, "तुझं फिलिपाईन्स टेंभुर्णीच्या जरा पुढं हाय बघ."
मी म्हटलं छापताना चूक झाली असेल. सगळ्या पेट्या तपासल्या. सगळ्या पेट्यांवर तीच चूक.

१ मार्च.
ऋतुजाला पेटीचा फोटो पाठवला. सगळं सांगून टाकलं. सहाशे, चाचा, पोपट. वाटलं रडेल, पाईप गेला म्हणून.
तिनं फोटो मोठा करून वाचला. मग म्हणाली, "आपलंच पॅकहाऊस हाय दादा. तारीख बी आपल्याच तोडीची."
पाईपचं विचारायचा धीर होत नव्हता. तीच म्हणाली, पाईप सोमवारीच आलाय. व्यापाऱ्यानं केळीचे पैसे आठ दिवसांत चुकते केले, त्यातनं घेतला. एरवी दोन महिने रखडवतो. या वेळी मस्कतच्या पार्टीनं त्याला आगाऊ दिले होते म्हणे.
मस्कतच्या पार्टीनं.
फोन ठेवून पुष्कळ वेळ इस्त्री गरम करत बसलो. कपडा न घेता.

२ मार्च.
शांतपणे विचार केला. माझे पैसे चाचांकडून व्यापाऱ्याकडं, व्यापाऱ्याकडून आबांकडं, आबांकडून पाईपवाल्याकडं. म्हणजे पाईप मीच दिला. शब्द पाळला. फक्त पैसा जरा फिरून गेला.
हे नंदीशला सांगितलं. तो म्हणाला, आणि बापाचा तोटा तेवढा तू इकत घेतलास.
रात्री जेवण: केळी.

७ मार्च, शुक्रवार.
चाचांनी हिशोब केला. बिचाऱ्यांचंही पार बसलंय. माझ्या वाट्याला अडतीस रियाल आणि नऊ पेट्या. सहा पेट्या लाँड्रीत वाटल्या. गिऱ्हाईक म्हणालं कपड्यांना केळाचा वास येतो. मालकानं एक दिवसाचा पगार कापला.
वीस लाखांच्या नोटा अजून उशाखाली. त्यांची किंमत पडलेली नाही. पडायला जागाच नाही.
संध्याकाळी आबांचा फोन. आबा फोनवर कधी बोलत नाहीत, ऋतुजाच्या हातातून ऐकतात. आज स्वतः बोलले. पाईप जोडला, पाणी लागणीला पोचलं, रोपं उभी राहिली. मला बरं वाटलं. खरंच वाटलं. म्हटलं, आबा, एका अर्थानं हा पाईप माझाच.
आबा म्हणाले,
"व्हय की. पर लेका, सरळ धाडलं असतंस, तर पाईप बी आला असता आन केळीचं पैसं बी घरात उरलं असतं."
मी आवाज तुटतोय म्हणालो. तुटत नव्हता.
संकल्प: अडतीस रियाल उद्याच घरी धाडणे. पाठवणावळ दोन रियाल. छत्तीस.
शिल्लक: तीन पेट्या. नंदीशनं हात टेकले. आता एकट्यानंच खायच्यात, आमच्याच बांधावरची.