गिअरबॉक्समधली करवंटी

डोंबिवली,
वैशाख वद्य दशमी, शके १८७६

तीर्थस्वरूप भाऊ यांच्या चरणी धाकट्या त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे नमस्कार प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला आहे, पण भावना साष्टांगच समजावी.) आपली प्रकृती ठीक असेल, वहिनींचा दमा जरा हटला असेल आणि ठाण्यात नळाला पाणी येत असेल अशी आशा करतो. तिन्ही आशा एकदम खऱ्या ठरतील असं मात्र वाटत नाही. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आंबा गळला, विहिरीत चिखल दिसू लागला आणि ट्रॅक्टर बंद पडला. शेवटची बातमी आपल्याला आधीच पोचली, हे आपल्या कार्डावरून कळलं. डोंबिवलीत कुणाचं काही बिघडलं की ठाण्याला कळायला वेळ लागत नाही, सुधारलं तर मात्र कुणाला सवड नसते.

आपण लिहिलंत की पोराने यंत्राची वाट लावली, आता पुरे. शेत सोसायटीला देऊन टाकू, मधुला सोमवारी इकडे पाठव, कचेरीत जागा रिकामी आहे. ठरलं होतं तसंच, मी नाही म्हणत नाही. मृगाच्या आत ठाकुर्लीच्या अंगाचं आपलं सामाईक शेत मधुने नांगरून दाखवायचं, नाहीतर मुकाट्याने खर्डेघाशी करायची, हा आपला शब्द होता आणि मधुने तो मान्य केला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं की यातून काही चांगलं निघणार नाही. (मी प्रत्येक गोष्टीला तसंच म्हणतो, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. पण बघा, निघालं का?) शेतकीचं शिकून आलेला आमचा एकुलता एक मुलगा, त्याने ठाण्यातल्या एका साहेबाच्या बागेतला जुना, बुटका ट्रॅक्टर आणावा, साहेब विलायतेला निघून जावा, आणि आम्ही उरावं त्या यंत्रापुढे, हे काही शुभलक्षण नव्हे. उंचीला ते आमच्या म्हशीएवढंच आहे. म्हैस निदान दूध देते.

तर झालं असं. हिवाळाभर यंत्र गोठ्यात झाकून ठेवलं होतं. गेल्या पंधरवड्यात मधुने बाहेर काढलं, तर आतून असा आवाज, जसं कुणी पितळी डब्यात खडे घालून हलवतंय. पहिला गिअर कण्हत पडला. दुसरा पडायचा आणि आपण निःश्वास टाकेपर्यंत ठक्‌कन परत बाहेर यायचा. तिसऱ्याचं तोंड कुणी पाहिलंच नाही. मी म्हटलं, आता हे गेलं. हिने मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेजारचे गुणाजीराव येऊन टोपी काढून यंत्राला नमस्कार करून गेले, त्याने माझा धीर अधिकच खचला.

मग कल्याणहून पोपट मिस्त्रीला आणलं. लढाईच्या वेळी छावणीतल्या लॉऱ्या दुरुस्त केल्या म्हणतो. लढाई कशी जिंकली कोण जाणे. त्याने यंत्राला हात न लावता सांगितलं, "तात्या, क्लच गेला." झालं, क्लच उघडला. तो ठणठणीत निघाला, म्हणून पोपटने तो इतका घट्ट केला की पेडल दाबायला मी आणि मधु दोघे लागायचो. मग म्हणाला गिअरचा दांडा वाकलाय. दांडा सरळ केला, तो आता पूर्वीपेक्षा वाकडा आहे. मधु बिचारा उन्हात बसून ऐकत होता. मग त्याने एक लाकडी दांडकं गिअरबॉक्सला टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं, आणि क्लच दाबून-सोडून पाहिला. दाबला की आवाज बंद, सोडला की सुरू, गिअर कुठलाही नसला तरी. म्हणजे दुखणं क्लचचं नाही, पेटीच्या आतल्या बेअरिंगचं, असं त्याने पोपटला समजावून सांगितलं. पोपट म्हणाला, मी तेच म्हणत होतो. (या माणसाला कचेरीत नोकरी लावली असती तर तो आज हेडक्लार्क असता. आपण हेडक्लार्क होतात म्हणून हे लिहीत नाही, सहज आठवलं.)

पेटीचं खालचं बूच काढलं. तेल येण्याआधी गढूळ पाणी आलं, मग ताकात काजळ कालवावं तसं काहीतरी घरंगळत आलं. वरचं झाकण उघडून मधुने आत हात घातला आणि काय काढलं असेल? भाऊ, आता इथे माझी लेखणी अडखळते. करवंटीचा तुकडा निघाला. नारळाची करवंटी, चांगली अंगठ्याएवढी, दुसऱ्या गिअरच्या दातांत अडकून त्यातला एक दात पाडून बसलेली. पोपटने ती उलटसुलट करून पाहिली आणि हा विलायती पार्ट नव्हे, एवढं एकच निदान त्याने अचूक केलं.

दसऱ्याला पूजेचा मान घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला दिला होता. (व्यक्तीचं नाव लिहीत नाही, व्यक्ती ठाण्याला असते.) त्या व्यक्तीने कौतुकाने विचारलं म्हणून मधुने तेल कुठून घालतात ते दाखवायला गिअरच्या पेटीचं सीटपुढचं झाकण काढलं. ते परत लावणार तोच व्यक्तीने सर्वांना हात जोडून डोळे मिटायला सांगितलं. आमच्या घरात आपण सांगितल्यावर डोळे मिटतातच. (बघा, "आपण" लिहून गेलो. आता खोडलं तर शाईचा डाग दिसेल, राहू द्या.) नारळ त्याच लोखंडी काठावर फुटला, पाणी आत गेलं. आम्ही डोळे उघडले तेव्हा झाकण आपण स्वतः टापटिपीने घट्ट बसवून टाकलं होतंत. प्रसादाचं खोबरं काढताना करवंटीला एक तुकडा कमी आहे हे हिला तेव्हाच दिसलं होतं, पण तिने कावळ्यावर आळ घेतला. ते पाणी हिवाळाभर पेटीत बसून बेअरिंग खात राहिलं. आपला हेतू यंत्राचं भलं व्हावं हाच होता, हे मी जाणतो. आमच्या घरात आजवर जे जे बिघडलं ते भल्याच हेतूने.

मधु हसला नाही, रागावलाही नाही. करवंटी पुसून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाला, झाकण मी काढलं होतं, तेव्हा चूक माझी. काकांना हे सांगायचं नाही, ते मनाला लावून घेतात. त्याने आम्हा दोघांना देवापुढे उभं करून कुणापाशी बोलणार नाही असं कबूल करून घेतलं. (मी बोललेलो नाही.) आपलं कार्ड आलं तेव्हा त्याने ते दोनदा वाचलं, आईला सदरा धुवायला टाकायला सांगितलं आणि जेवायला बसला. भात तसाच पानात राहिला. माझ्याने ते पाहवलं नाही, मी उठून अंगणात गेलो. तेव्हा ठरल्याप्रमाणे तो सोमवारी सकाळी आपल्याकडे येईल. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि माझ्याकडून चांगल्या बातमीची वाट कुणी पाहू नये, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
त्र्यंबक

ता. क. कैरीचं लोणचं मधुबरोबर पाठवतो आहे. खार सुटलेला नाही, सुटेल असंही वाटत नाही.

ता. क. दुसरा. ट्रॅक्टर बंद पडला असं वर लिहिलं, ते शब्दशः घेऊ नये. मधुने कल्याणच्या भंगारवाल्याकडून मापाची बेअरिंगं शोधून आणून स्वतः बसवली. दुसरा गिअर गेला तो गेलाच. पण नांगरणी पहिल्या गिअरमध्येच होते. काल त्याने बांधालगतचा एक पट्टा नांगरलादेखील. यंत्र इतकं सावकाश चालतं की माझा गुडघा घेऊन मी त्याच्या बाजूने चालत होतो. माती उलटताना पाहून मला जरा बरं वाटलं. कार्ड त्यानंतर संध्याकाळी आलं.

ता. क. तिसरा, आणि लिहायला बसलो तो याचसाठी. सोमवारी मधु तुमच्या दारात उभा राहून सांगेल की सगळी चूक त्याची आणि त्याला नोकरी हवी आहे. तो ते फार छान सांगेल, कारण अर्धं त्याला स्वतःलाच खरं वाटतं. भाऊ, मी जन्मात तुम्हाला कधी काही सांगितलं नाही, आज सांगतो. त्याला आत घेऊ नका. वहिनींना चहाचं आधण ठेवू देऊ नका. मृगाला अजून अवकाश आहे आणि शेत तसंच पडलं आहे, दारातूनच परत पाठवा त्याला. प्रेमाने बोललात तर तो तुमच्यासाठी राहील. चार शब्द रागावून बोला, तुमचं तो ऐकतो.